नोकरीआधी हातात घमेलं

परीक्षा संपली की आमच्या डिचोली तालुक्यातली पोरं बुलेटला बॅगा बांधून लडाखला निघतात. शिरगावातूनही निघतात. एकदा नोकरीला चिकटलो की एवढी रजा कोण देणार, हा त्यांचा हिशेब चोख आहे. माझं मागणं एवढंच, की इतकी वाट तुडवताच आहात तर मध्ये कुठेतरी आठ दिवस थांबा आणि कुणाच्या तरी भिंतीला हात लावा.

अमेरिकेत ‘बाइक अँड बिल्ड’ नावाच्या उपक्रमात तरुण मुलंमुली एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकल हाणत गेली आणि वाटेत गरजूंची घरं बांधायला राबली. हे ऐकून ‘त्यांना परवडतं’ असं म्हणणारे भेटतातच. पण ही वाट आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी येऊन गेली आहे. पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्षाचा मुलगा. अभियांत्रिकी शिकला आणि खुर्ची गाठायचं सोडून अमेरिका, हवाई, जपान असा हिंडला, वाटेत अंगमेहनतीची कामं करत. पुढे १९२० साली पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या व्हर्दांजवळच्या एका फ्रेंच खेड्यात तो मूठभर स्वयंसेवक घेऊन घरं उभारायला गेला. त्यांत जर्मनही होते! कालचे शत्रू गावात नकोत म्हणून काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला, पण त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा हाच माणूस बोटीनं हिंदुस्थानात आला आणि गावं पुन्हा वसवण्याच्या कामात कुदळ घेऊन उतरला.

या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक पन्नासच्या दशकात वरोऱ्याजवळच्या आनंदवनात आले. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे जवळची माणसं पाठ फिरवत होती, त्या काळात ही परकी पोरं तिथं विटा वाहत होती. आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांनी ते पाहिलं. १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरू लागली, ती या धाग्याला धरूनच आहे असं मी मानतो. तिथलं काम घरबांधणीचं कमी आणि मातीचं जास्त, पण दुसऱ्यासाठी घाम गाळणं तेच. १९८५ च्या डिसेंबरात बाबा कन्याकुमारीहून निघाले तेव्हा बरोबर सायकलींवर तरुण होते. त्या यात्रेचं नाव ‘भारत जोडो’.

आता उलटा हिशेबही मांडू. लडाखच्या पेट्रोलच्या पैशांत दोन मेस्त्री लावले तर घर लवकर उठेल आणि भिंत ओळंब्यातही राहील. २००६ साली लोणावळ्याजवळ मळवलीला ब्याऐंशी वर्षांचे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हातोडा घेऊन आले, बरोबर हॉलिवूडचा ब्रॅड पिट. आठवडाभरात शंभर घरांचं काम झालं, पण ते काय फक्त पाहुण्यांच्या हातांनी? म्हणून स्वयंसेवकानं उपकाराचा ताठा घरी ठेवून जावं. शिकायला जातो आहोत, तर मेस्त्री सांगेल ते करावं. घमेली उचलावीत, माल कालवावा, भिंतीवर पाणी मारावं. जेवणाचा खर्च आपला. आणि घरधन्याला विचारल्याशिवाय फोटो नको.

सिव्हिलची पदवी घेतलेल्यांना तर मी हे सक्तीचं करीन. चिरा भिजवून लावावा, हे पुस्तकात वाचलेलं असतं. सुका चिरा मालातलं पाणी शोषतो आणि सांधा भुसभुशीत होतो, हे परांचीवर उभं राहून नखानं तो सांधा खरवडला की कळतं. इंटर्नशिपच्या कागदावर ते येत नाही.

शिरगावच्या मुलांना छावणीत राहणं जडही जाणार नाही. गावच्या लईराई देवीच्या जत्रेआधी व्रतस्थ धोंड घरची चूल सोडून एकत्र राहतात, हातानं शिजवून खातात. वकील असो की ट्रकवाला, एकाच पंगतीत. तेवढी सवय अंगात असलेला पोरगा कुठल्याही मंडपात झोपेल.

आणि गरज फक्त दूरदेशीच आहे असं नाही. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी-डिचोलीत मातीच्या भिंतींची घरं बसली. अशा वेळी तांदळाची पाकिटं लागतातच, पण चिखल उपसायला आणि भिंत पुन्हा चढवायला माणसं लागतात. लांब कुठेतरी थापी धरून आलेले दहाजण वाड्यावर असले तर पुढच्या पुरात कुणाची वाट बघावी लागणार नाही. आईबापांनी म्हणून या आठ दिवसांना ‘फुकट गेले’ म्हणू नये.

सोमनाथची छावणी १५ ते २२ मे अशी भरत आली आहे. जायचं तर थिवीहून निदान दोन दिवस आधी गाडी पकडा, आणि विदर्भाचं मे महिन्याचं ऊन आपल्या दमट उकाड्यासारखं नसतं, तेव्हा टोपी आणि पाण्याची मोठी बाटली बरोबर घ्या.