दोन उपवास, एक आवार

जूनमध्ये निकाल लागले, प्रवेशाची धावपळ सुरू झाली की पालकांचा एक ठरलेला प्रश्न आमच्याकडे येतो. ‘‘मुलीला मिशनऱ्यांच्या कॉलेजात घातलं तर दीन बिघडणार नाही ना?’’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात रोजा-नमाज सांभाळून वाढवलेली लेक भिंतीवर क्रूस असलेल्या वर्गात जाऊन बसणार, तर आईबापाच्या जिवाची घालमेल होणारच. काही जण अर्ज भरून आलेले असतात आणि केवळ मनाला धीर हवा म्हणून विचारतात. काही जण मात्र या एका भीतीपायी चांगल्या कॉलेजातली मिळालेली जागा सोडून देतात.

हो किंवा नाही असे एका शब्दात सांगण्याऐवजी २०२५ च्या रमजानमध्ये अमेरिकेतल्या एका कॅथॉलिक विद्यापीठात काय घडले ते सांगावे, असे आम्हाला वाटते. बातम्यांत ते तुटक-तुटक आले आणि विसरलेही गेले.

विद्यापीठाचे नाव जॉर्जटाउन. वॉशिंग्टन शहरात १७८९ साली स्थापन झालेले, जेझुईट फादरांचे. जेझुईट म्हणजे आपल्याला अपरिचित कोणी नव्हेत. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज त्यांचेच. आदिवासींसाठी आयुष्य वेचणारे आणि ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत न्यायालयीन कोठडीत असतानाच इस्पितळात प्राण सोडणारे फादर स्टॅन स्वामी हेही त्यांच्यातलेच.

२०२५ मध्ये अमेरिकेत रमजान १ मार्चला सुरू झाला आणि ५ मार्चला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार आला. त्या दिवशी कपाळावर राखेने क्रूस काढून घेतात आणि ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. आपले वसईचे ख्रिस्ती बांधव त्याला प्रायश्चित्तकाळ असेही म्हणतात. त्यांच्या नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस अठरा ते एकोणसाठ वर्षे वयाच्या माणसाने एकदाच पोटभर जेवायचे, बाकी दोन वेळा थोडेसे खायचे. या काळातल्या प्रत्येक शुक्रवारी मांस वर्ज्य. शिवाय ज्याने त्याने आपली एखादी आवडती गोष्ट सोडायची, म्हणजे कोणी कॉफी सोडतो, कोणी चॉकलेट, तर कोणी फोनवर तासन्‌तास घालवणे. आपल्याकडच्या काही मंडळींना हे ऐकून हसू येते. पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेणाऱ्याला कॉफी सोडणे म्हणजे काय वाटणार! पण उपवासाची अशी मापे काढू नयेत. नमाज, रोजा, सदका हे तिन्ही त्यांच्याही या काळाचे खांब आहेत. ‘राइस बोल’ नावाची पुठ्ठ्याची छोटी पेटी तिथल्या कॅथॉलिक घरांत आणि शाळांत असते. आपण जे खाल्ले नाही त्याचे पैसे त्या पेटीत टाकायचे आणि शेवटी गरिबांसाठी पाठवायचे. १९७५ पासून ही रीत आहे. फितऱ्याचा हिशेब घालणाऱ्या आपल्या घरांना ती वेगळी सांगायला नको.

कुरआनात सूरह बकराच्या १८३व्या आयतीत रोजे फर्ज केल्याचा हुकूम आहे, तिथेच हेही सांगितले आहे की तुमच्या आधीच्या लोकांवरही ते फर्ज होते. आपण ही आयत दर रमजानला ऐकतो. ते ‘आधीचे लोक’ आजही आपल्या शेजारी राहतात आणि उपवास करतात, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

जॉर्जटाउनमध्ये मुस्लिम विद्यार्थी नवे नाहीत. १९९९ साली या विद्यापीठाने पूर्णवेळ इमाम नेमले. अमेरिकेतल्या विद्यापीठांत असे पहिल्यांदाच घडले आणि ते घडवणारे विद्यापीठ कॅथॉलिक होते. २०२३ मध्ये तिथल्या मशिदीला यारो मामूत यांचे नाव दिले गेले. वुजूची सोय आणि हलाल स्वयंपाकघर असलेली ही मशीद आवारातच आहे. हे यारो मामूत कोण, हे आमच्या वाचकांना जरूर कळावे. पश्चिम आफ्रिकेतून १७५२ साली गुलाम म्हणून आणलेला हा मुसलमान माणूस. चव्वेचाळीस वर्षे गुलामीत काढून १७९६ साली स्वतंत्र झाला, काबाडकष्टाने पैसा जोडला, जॉर्जटाउन वस्तीत स्वतःचे घर घेतले, बँकेचे शेअरही घेतले. चार्ल्स विल्सन पील या नामांकित चित्रकाराने १८१९ साली त्याचे चित्र काढले आणि डुक्कर व दारू वाईट असे हा म्हातारा सांगतो, हेही लिहून ठेवले. ना मदरसा, ना जमात, ना कुटुंबातली दुसरी कोणी आधाराची पिढी. तरी दीन टिकला. मुलीला होस्टेलवर पाठवताना धास्तावलेल्या पालकांनी या माणसाकडे एकदा पाहावे.

आणि याच विद्यापीठाच्या फादरांनी १८३८ साली कर्ज फेडण्यासाठी २७२ गुलाम माणसे विकली होती. बायका-मुलांसकट. ते पाप त्यांनी पुढे उघड कबूल केले आणि २०१७ मध्ये त्या माणसांच्या वंशजांसमोर माफी मागितली. गुलाम विकणाऱ्यांच्या आवारातल्या मशिदीला एका गुलामाचे नाव आहे, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

भिंतीवरच्या क्रूसाचे म्हणाल तर त्यावरूनही एकदा वाद झाला होता. त्याच शहरातल्या दुसऱ्या एका कॅथॉलिक विद्यापीठाविरुद्ध २०११ साली तक्रार झाली की वर्गावर्गांत क्रूस असल्याने मुस्लिम विद्यार्थ्यांना नमाजला जागा उरत नाही. तक्रार करणारे गृहस्थ बाहेरचे, कायद्याचे प्राध्यापक. तिथल्या एकाही मुस्लिम विद्यार्थ्याने तक्रार केलेली नव्हती! दुसऱ्याच्या घरातल्या खुणा उतरवून मिळालेली जागा नमाजी माणसाला नकोच असते. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला पैगंबरांनी (स.) मस्जिदे नबवीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. त्यासाठी त्यांना कोणी मुसलमान व्हायला सांगितले नाही आणि मशीदही मशीदच राहिली.

आता २०२५ च्या घटनेकडे येऊ. जॉर्जटाउनमध्ये तेव्हा बदर खान सूरी हे आपले एक भारतीय संशोधक होते. दिल्लीच्या जामिया मिल्लियातून डॉक्टरेट घेतलेले. त्या सत्रात ते दक्षिण आशियातील बहुसंख्याकवाद आणि अल्पसंख्याकांचे हक्क हा विषय शिकवत होते. १७ मार्चच्या रात्री, इफ्तार उरकून घरी परतले असताना, तोंडावर मुखवटे घातलेल्या सरकारी माणसांनी त्यांना घराबाहेर ताब्यात घेतले. व्हिसा रद्द झाल्याचे सांगितले आणि पुढे हजारो मैलांच्या फेऱ्या करवून टेक्सासच्या कोठडीत नेऊन ठेवले. घरी पत्नी आणि तीन लहान मुले. पत्नी अमेरिकन नागरिक, मूळच्या गाझाच्या. सासरे कधीकाळी गाझात हमासच्या एका नेत्याचे सल्लागार होते, त्यावर सरकारने बोट ठेवले आणि सूरी हमासचा प्रचार करतात असा आरोप केला. गुन्हा मात्र एकही दाखल केला नाही. त्याच रमजानमध्ये न्यूयॉर्कला एक पॅलेस्टिनी विद्यार्थी इफ्तारहून परतताना आणि बोस्टनजवळ एक तुर्की विद्यार्थिनी इफ्तारला जाताना अशीच उचलली गेली. रोजेदार कोणत्या वेळी घराबाहेर असतो, हे कोणाला तरी नीट ठाऊक होते असे वाटावे!

ख्रिस्ती उपवासकाळाचा तो दुसरा आठवडा. पश्चात्ताप करा, बंदिवानाची विचारपूस करा, हे चर्चमध्ये सांगितले जाण्याचे दिवस. अशा वेळी कॅथॉलिक विद्यापीठ काय करणार? आम्हाला खरी उत्सुकता याचीच होती. राख लावून इफ्तारच्या दस्तरख्वानावर सोबत बसणे गोड आहे, पण त्याने कोणाचे काही बिघडत नाही. सरकारची मर्जी खप्पा होण्याची वेळ येते तेव्हा सोबत महाग पडते.

विद्यापीठाने पत्रक काढले. सूरी यांनी काही बेकायदा केल्याचे आम्हाला माहीत नाही, त्यांना धरण्याचे कारण आम्हाला सांगितलेले नाही, आणि मत कटू असले तरी ते मांडण्याच्या आमच्या लोकांच्या हक्काच्या आम्ही पाठीशी आहोत, असा त्याचा आशय होता. पत्रकाची भाषा मोजूनमापून होती. आमच्या मते ती आणखी कडक हवी होती. पण त्या दिवसांत मोठमोठी विद्यापीठे अनुदान जाईल म्हणून तोंड उघडत नव्हती, तेव्हा ‘हा आमचा माणूस आहे’ एवढे उघडपणे म्हणणेही थोडेथोडके नव्हते. पत्रकापेक्षा आवारातली माणसे पुढे गेली. विद्यार्थी आणि प्राध्यापक जमून निदर्शने करू लागले. ज्यू विद्यार्थी-प्राध्यापकांनीही सूरींच्या बाजूने पत्रावर सह्या केल्या आणि आमच्या रक्षणाच्या नावाखाली हे करू नका, असे सरकारला बजावले. सुनावणीच्या दिवशी न्यायालयाबाहेर लोक फलक घेऊन उभे राहिले.

ईद कोठडीत गेली. ईस्टरही गेला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस वारले. २०१६ च्या पवित्र गुरुवारी निर्वासितांचे पाय धुणारे पोप ते हेच. ब्रसेल्सच्या बॉम्बस्फोटांना दोनच दिवस झाले होते, सगळ्या युरोपात मुसलमानांकडे संशयाने पाहिले जात होते, आणि त्यांनी ज्यांचे पाय धुतले त्यांत मुसलमान होते, एक भारतीय हिंदूही होता. अखेर १४ मे रोजी न्यायाधीश पॅट्रिशिया जाइल्स यांनी सूरींना जामिनाची रक्कम न मागता सोडण्याचा हुकूम दिला. खटला तेव्हा संपलेला नव्हता, पण मुलांचा बाप घरी परतला.

मक्केत छळ सोसवेना तेव्हा पैगंबरांनी (स.) आपल्या साथीदारांना हबशाच्या ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे पाठवले. कुरैशांची माणसे नजराणे घेऊन मागोमाग पोहोचली आणि यांना आमच्या ताब्यात द्या म्हणाली. हजरत जाफर (रजि.) यांनी दरबारात सूरह मरियम ऐकवली, राजाने नजराणे परत केले. हा किस्सा आपण मुलांना सांगतो, पण एखाद्या जुन्या जमान्यातला म्हणून सांगतो.

मिशनऱ्यांच्या कॉलेजांत सगळे आलबेल असते असे आमचे म्हणणे नाही. कुठे हिजाबवरून कुरबुर होते, कुठे जुम्म्याच्या वेळेलाच परीक्षा येते. तिथे बोलायला हवे, आणि बोलता येते. पण एक उलटा प्रश्न आम्ही पालकांना आणि आपल्या संस्थाचालकांनाही विचारू इच्छितो. आपल्या समाजाने चालवलेल्या किती तरी कॉलेजांत बिगरमुस्लिम मुले-मुली शिकतात. रमजानमध्ये काही ठिकाणी कँटीनला महिनाभर कुलूप लागते. मग ती मुले डबा कुठे बसून खातात? जिन्याखाली? त्यांच्यात कोणी उपवासकाळ पाळणारी ख्रिस्ती मुलगी असेल, तर शुक्रवारी तिला बिनमांसाचे खाणे मिळते का? आणि उद्या आपल्या कॉलेजातल्या एखाद्या दलित किंवा ख्रिस्ती प्राध्यापकाला रात्री घरातून उचलून नेले, तर आपले विश्वस्त पत्रक काढतील की ‘वैयक्तिक बाब’ म्हणून हात झटकतील? जॉर्जटाउनच्या पत्रकाला आम्ही वर मवाळ म्हटले खरे. तेवढे तरी आपल्याकडे निघेल का, याची खात्री आम्हाला देता येत नाही.

२०२६ चा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीचा, आणि चंद्र दिसण्याच्या हिशेबाने रमजानही त्याच सुमाराचा. २०२७ मध्येही दोन्ही एकमेकांना लागून येतील. २०२८ पासून रमजान आणखी अलीकडे येऊन ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीच संपेल, आणि पाव शतकाहून अधिक काळ या दोघांची गाठ पडणार नाही. म्हणजे २०२५ मध्ये अकरावीला प्रवेश घेणाऱ्या मुलींच्या वाट्याला कॉलेजची दोन्ही वर्षे हा योग आहे. तेव्हा अर्ज भरा. वुजू कुठे करायचा आणि मैत्रिणीने डबा कुठे उघडायचा, हे त्या दोघी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकतील.