घड्याळ चुकलं, वेबसाइट अडली!

दोस्तांनो, वेबसाइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी सूचना आली, तर घाबरू नका. पण ‘तरीही पुढे जा’ असंही दाबू नका! आधी कॉम्प्युटरवरची तारीख बघा. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे ओळखपत्रासारखं प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. ब्राउझर ती मुदत तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. जुन्या कॉम्प्युटरमधला बटणासारखा सेल संपला, की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग खरं प्रमाणपत्रही बाद ठरतं! तारीख दुरुस्त करा, सेल बदलायला आईबाबांना सांगा. तारीख बरोबर असूनही सूचना आलीच तर? मध्ये एखादा भामटा टपलेला असू शकतो. पासवर्ड मुळीच टाकू नका, आधी मोठ्यांना हाक मारा. कळलं ना?