एकदा ऐकलं ना, मग पुन्हा कशाला?

मैत्रिणींनो, २०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. आमची धाकटी नणंद नवी मुंबईला ‘कोल्डप्ले’ या विलायती बँडचा कार्यक्रम ऐकून आली. (बँड म्हणजे लग्नातला नव्हे हं!) घसा बसलेला, पाय दुखताहेत, पण चेहरा नुसता उजळलेला. पिशवी खाली ठेवली आणि हळूच म्हणते, “वहिनी, पुढच्या शनिवारी अहमदाबादलाही आहे त्यांचा कार्यक्रम. मैत्रिणीकडे एक तिकीट जास्तीचं आहे. दादाला तू सांगशील?”

सांगितलं. व्हायचं तेच झालं. हे म्हणाले, “तीच माणसं, तीच गाणी. एकदा ऐकलं ना, मग पुन्हा कशाला?” सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, पण पोळपाटावरचं लाटणं जरा जोरात फिरलं. आणि मी दोघांच्या मधे, हातात चिमटा घेऊन उभी!

प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. खरंच, एकाच गाण्यामागे माणसं गावोगाव का जातात? माझी शाळा अर्ध्या दिवसाची, दुपारी थोडं वाचायला मिळतं. वाचता वाचता मी अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या चाहत्यांपाशी येऊन थांबले, आणि माझ्या मनातला अर्धा राग तिथेच गेला.

हा बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि १९९५ साली थांबला. तीस वर्षांत त्यांचे सुमारे २,३०० कार्यक्रम झाले. त्यांच्यामागे फिरणाऱ्यांना ‘डेडहेड’ म्हणत. १९७१ च्या त्यांच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर चाहत्यांना आवाहन होतं, आपलं नाव-पत्ता कळवा. पत्रांचा पाऊस पडला! मग काहीजण सुट्टी काढून आठवडाभर जात, तर काहीजण जुन्या गाडीत अंथरूण-पांघरूण टाकून महिनेच्या महिने या गावाहून त्या गावाला जात.

आता यांचा प्रश्न: पुन्हा कशाला? उत्तर सोपं आहे. हा बँड दोन रात्री सारखा वाजवतच नसे. कुठली गाणी घ्यायची याची यादी बहुधा आधी ठरलेलीच नसायची. काल पाच-सात मिनिटांत संपलेलं गाणं आज वीस मिनिटं रंगायचं, एकातून दुसरं निघायचं. कधी मैफल जमायची, कधी साफ फसायची. आजची रात्र चुकली ती चुकलीच.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “मग त्यात नवल काय? आमचे बुवा अभंग तोच घेतात, पण निरूपण रोज निराळं. म्हणून तर चातुर्मासात आम्ही रोज देवळात जातो.” मी मनात म्हटलं, चला, एक गड सर!

पण मला खरं कौतुक वाटलं ते या मंडळींच्या संसाराचं. हो, संसारच तो! कार्यक्रमाच्या मैदानाबाहेर, गाड्या उभ्या करायच्या जागेत, त्यांची जत्राच भरे. गॅसच्या छोट्या शेगडीवर कुणी चीज घालून सँडविच भाजतंय, कुणी राजम्याची गुंडाळी करून विकतंय, कुणी दोऱ्याने बांधून रंगवलेले, आपल्या बांधणीसारखे सदरे दोरीवर लावलेत. त्यातून पुढच्या गावाचं पेट्रोल आणि तिकीट निघायचं. ज्याच्याकडे तिकीट नाही तो एक बोट वर करून उभा राही, आणि कुणीतरी त्याला जास्तीचं तिकीट फुकट देऊनही टाकी. याला ते ‘चमत्कार’ म्हणत.

१९८३ पासून बँडने टपालाने तिकिटं विकायला सुरुवात केली. अर्जाचे नियम आपल्या सरकारी कचेरीला लाजवतील इतके कडक. पण चाहत्यांनी काय करावं? पाकिटांवर वेलबुट्ट्या, गुलाब, सांगाडे रंगवून पाठवायला लागले! ती पाकिटं आज सांताक्रूझच्या विद्यापीठात जपून ठेवली आहेत (सांताक्रूझ कॅलिफोर्नियातलं, आपल्या मुंबईचं नव्हे).

आणखी एक रीत तर फारच छान. कार्यक्रम टेपवर उतरवून घ्यायला बँडची मनाई नव्हती. १९८४ च्या ऑक्टोबरात तर अशा लोकांसाठी वेगळी जागाच राखून ठेवायला लागले. अट एकच, टेप विकायची नाही. कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवा, दुसरा चाहता भरून परत पाठवील. आपण विरजण देतो-घेतो तसं! त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं ध्वनिमुद्रण ८ मे १९७७ चं, कॉर्नेल विद्यापीठातलं. ते केलं होतं बेटी कँटर-जॅक्सन या बाईंनी. पुरुषांच्या त्या गराड्यात यंत्रं सांभाळणारी बाई! पुढे त्यांचे दिवस फिरले. सामान ठेवलेल्या जागेचं भाडं थकलं आणि १९८६ साली त्यांच्या शेकडो टेपा लिलावात गेल्या. चाहत्यांनी त्या दुरुस्त करून घरोघर पोचवल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत ती मैफल घेतली. बाईंच्या हातचं काम असं टिकलं, पण त्यांच्या हातून मात्र गेलं. हे वाचून जीव चुटपुटला.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. तिथे नशेची औषधं सर्रास चालत. कितीतरी तरुण मुलं त्यात वाया गेली, तुरुंगातही गेली. पण त्यातूनही काहींनी वाट काढली. व्यसन सोडलेले चाहते मैदानात पिवळे फुगे लावून एका जागी जमत आणि मध्यंतरात एकमेकांना धीर देत. गाणं सोडायचं नाही, नशा सोडायची. बहिऱ्या चाहत्यांसाठीही जागा राखलेली असे. हातात फुगा धरून ते तालाची थरथर अनुभवत, आणि खुणांच्या भाषेत गाणं सांगणारी माणसं समोर असत.

मग १९८७ साली त्यांचं एक गाणं फार गाजलं. लाखो नवे लोक आले. कित्येकांना गाणं नकोच होतं, बाहेरची जत्रा हवी होती. २ जुलै १९९५ ला इंडियाना राज्यात तिकीट नसलेल्या जमावाने कुंपण पाडलं, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला. बँडने चाहत्यांना कळकळीचं पत्र लिहिलं, तिकीट नसेल तर येऊ नका. ९ जुलैला शिकागोत शेवटचा कार्यक्रम झाला. बरोबर एका महिन्याने त्यांचा मुख्य गायक आणि गिटारवादक जेरी गार्सिया वारला, वय ५३. तीस वर्षांची वाटचाल तिथेच थांबली.

मला यातून एक कळलं. वेड वाईट नसतं, बेशिस्त वाईट असते. भक्ती टिकते ती भक्तांच्या वागण्यावर.

रात्री यांच्याशी बोलले. अटी घातल्या: तिकीट हातात असेल तरच निघायचं, खर्च स्वतःच्या पगारातून, मैत्रिणीची सोबत सोडायची नाही, कानात घालायला बोळे न्यायचे (त्या प्रचंड आवाजाने कान कायमचे अधू होऊ शकतात बरं!) आणि पोचल्याचा फोन. हे “हूं” म्हणाले. आमच्याकडे “हूं” म्हणजे होकार. सकाळी बघते तर सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा भरून तयार ठेवलेला!

परत आल्यावर त्यांनीच विचारलं, “काय गं, तेच होतं ना सगळं?”

नणंद म्हणाली, “गाणी बरीचशी तीच होती, आई. पण पहिल्यांदा मी नुसती ओरडले. या वेळी ऐकलं.”

सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. मला आठवलं, बी. ए.ला असताना मी सवाई गंधर्व महोत्सवाला रोज हजर असायची. स्वेटर, शाल, डब्यात चिवडा. लग्नानंतर एकदाही गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं, मीच विचारलं नाही. ‘एकदा ऐकलं ना, मग पुन्हा कशाला’ असं मीच स्वतःला म्हणत आले होते.

येत्या डिसेंबरात जाणार आहे. एक दिवस नाही, सगळे दिवस. कुकर कसा लावायचा ते यांना आत्तापासून शिकवायला घेतलंय. तुमचं असं राहून गेलेलं काय आहे, मैत्रिणींनो?