थंडी दोन महिन्यांची, काच बारा महिन्यांची

दिवाळी सरली की आमच्या नगरात (कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) फॅब्रिकेशनवाल्यांना उसंत नसते. मुकुंदनगर घ्या, झेंडीगेट घ्या, भिंगार घ्या. गल्लीत शिरलं की कुठून तरी ॲल्युमिनियम कापण्याचा कर्कश आवाज येतोच. कुणाचा तरी व्हरांडा बंद होत असतो. तीन बाजूंनी स्लायडिंगच्या काचा, वर पत्रा किंवा पॉलीकार्बोनेट शीट, दाराला जाळी. का हो, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "थंडी फार पडते मॅडम, दादीला सोसत नाही."

दादीचं नाव निघालं की कुणी पुढे बोलत नाही. मी बोलणार आहे, कारण व्हरांडा बंद करून दादीची थंडी कमी होत नाही. उलट तिची उन्हाची एकुलती एक जागा जाते, आणि काही घरांत तिच्या जिवाला धोका तयार होतो. हे तिच्याच नावावर खपवलं जातं, याचा मला राग आहे.

आधी आपली थंडी कशी असते ते बघू. नगर समुद्रापासून लांब, पठारावर, पर्जन्यछायेत. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आकाशाकडे सोडून देते, अडवायला ढग नसतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी पंचवीस-अठ्ठावीसपर्यंत चढतो. म्हणजे आपली बोचरी थंडी मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि सकाळी आठ-साडेआठपर्यंत ओसरते. त्या वेळात व्हरांड्यात बसतं कोण? सगळे आत, रजईत. बाहेर येतं ते फज्रच्या वुजूसाठी उठलेलं म्हातारं माणूस, आणि नळाला पाणी आलं म्हणून हंडे भरणारी बाई. या दोघांना पाहिजे असतं गरम पाणी, पायाखाली कोरडं पायपुसणं आणि अंगात स्वेटर. यातलं काहीही ॲल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये बसवून मिळत नाही.

बरं, काच थंडी अडवते का? वारा अडवते, तेवढं मान्य. पण पाच मिलीमीटरच्या एकेरी काचेतून जेवढी ऊब बाहेर जाते, ती दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा दुपटीहून जास्त असते. ॲल्युमिनियम तर भांड्यांसाठी वापरतात ते उष्णता चटकन वाहून नेतं म्हणूनच. वरचा पत्रा रात्री आकाशाकडे उघडा पडलेला असतो, तो हवेपेक्षाही गार होतो. मग आत झोपलेल्या चौघांच्या श्वासातलं बाष्प काचेवर आणि पत्र्यावर जमून पहाटे टपकतं. "भिंतीला ओल कुठून आली?" म्हणून गवंड्याला बोलावणारी घरं मी पाहिली आहेत. ओल भिंतीतून आलेली नसते.

जिथे खरोखर हाडं गोठवणारी थंडी असते तिथले लोक काय करतात, हेही पाहण्यासारखं आहे. कॅनडा-अमेरिकेत घराला जोडून काचेची खोली बांधतात. पण तिथे काच दुहेरी, मध्ये हवेची किंवा वायूची बंद पोकळी, छताला आणि जमिनीखाली उष्णतारोधक थर, आणि वर्षभर वापरायची असेल तर हीटरही. आपण त्या खोलीचा फक्त फोटो घेतला. लांब कशाला जायचं, लडाखमध्ये फे गावाजवळ सेकमोल या संस्थेचा परिसर आहे. तिथे हिवाळ्यात उणे वीसपर्यंत पारा जातो. इमारतींची तोंडं दक्षिणेला, भिंती मातीच्या आणि जाड, आणि दक्षिण बाजूला थंडीपुरतं प्लॅस्टिक लावून हरितगृहासारखी जागा केलेली. त्या उबेवर खोल्या चालतात. आणि उन्हाळा आला की ते प्लॅस्टिक काढून ठेवतात. उणे वीसवाले काढून ठेवतात. आम्ही मात्र दहा अंशांसाठी सिलिकॉन मारून कायमचं चिकटवून टाकतो.

कारण पुढे उन्हाळा आहे हे आपल्याला डिसेंबरात आठवत नाही. नगरचा मार्च ते मे कसा असतो हे नगरकरांना सांगायला नको. काचेचा स्वभाव असा की ऊन आत घेते आणि आत तापलेल्या वस्तूंची धग सहजी बाहेर जाऊ देत नाही. पश्चिमेला तोंड असलेला बंद व्हरांडा एप्रिलच्या दुपारी चार वाजता भट्टी होतो आणि ती भट्टी मागच्या खोलीला लागून असते. मग कूलर आणतात. कूलरचं साधं गणित आहे: कोरडी हवा ओल्या जाळीतून आत ओढायची आणि तेवढीच हवा दुसरीकडून बाहेर जाऊ द्यायची. बाहेर जायला वाटच नसेल तर अर्ध्या तासात खोली दमट होते, अंग चिकचिकतं, आणि घरचे म्हणतात कूलर बिघडला. पुढच्या वर्षी एसी येतो, आणि दर महिन्याचं वीजबिल. थंडीच्या नावाने केलेल्या खर्चाचा हप्ता असा उन्हाळ्यात सुरू होतो.

उघड्या व्हरांड्याची गंमत माझ्या दहावीच्या मुलींना मी एकदा फळ्यावर काढून दाखवली. भूगोल माझा विषय नाही, पण उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईला त्रिकोण काढायला बंदी नाही. नगर साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर. 21-22 डिसेंबरच्या माध्यान्हीला सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवर असतो. व्हरांड्याचं तोंड दक्षिणेला आणि छताची कड जमिनीपासून 8 फुटांवर असेल, तर ऊन 7 फुटांहून अधिक आत येतं. म्हणजे जवळजवळ सगळा व्हरांडा उन्हात. आणि मेच्या मध्यावर माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर, तेव्हा त्याच छताखाली ऊन शिरत नाही. एक रुपया खर्च न करता थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात सावली. या रचनेला आपण काच लावतो, काचेतून गल्ली दिसू नये म्हणून वर काळी फिल्म लावतो, आणि दादीला आत बसवून विचारतो, "आता बरं वाटतं ना?" तिचे गुडघे दुखतात ते तिला ऊन मिळत नाही म्हणूनही दुखत असतील. उघडी काच असली तरी कातडीला ड जीवनसत्त्व तयार करायला जे किरण लागतात ते काचेतून आत येत नाहीत. आणि पडद्यात वावरणाऱ्या बाईला तर अंगावर ऊन घ्यायला घरातली जागा हीच जागा.

याच शहरात सोळाव्या शतकात निजामशाहीने फराहबाग बांधली, आपण फऱ्याबाग म्हणतो ती. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल, चहूकडे उंच उघड्या कमानी, पाण्यावरून येणारा वारा आत घेणाऱ्या. बादशहांकडे पैशाला तोटा नव्हता, तरी त्यांनी या हवेला हेच उत्तर दिलं. आम्ही तिथे जाऊन फोटो काढतो, घरी येतो आणि खिडकी लावून घेतो.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती हवेच्या प्रश्नाची, आणि त्यावर कुणीच बोलत नाही. जुन्या घरांत मागच्या खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडते, कारण व्हरांडा म्हणजे बाहेर. न्हाणीघराचा झरोकाही तिकडेच. व्हरांडा बंद झाला की या खिडक्या एका बंद पेटीत उघडतात. कागदावर खिडकी आहे, पण हवा नाही. आणि थंडीत याच पेटीत काय काय येतं बघा. बंब, जो पूर्वी उघड्यावर पेटायचा. रात्री हात शेकायला कोळशाची शेगडी. आणि हल्ली गॅस गीझर, कारण न्हाणीघरात जागा नाही, म्हणून तो बंद केलेल्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठोकलेला. या तिन्हींना जळायला प्राणवायू लागतो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, झोप येते. थंडीत झोप आली यात कुणाला काय वावगं वाटणार? दर हिवाळ्यात पेपरमध्ये बातमी येते, शेगडी पेटवून दार लावून झोपलेलं कुटुंब, न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेली मुलगी. आपण हळहळतो, पान उलटतो. उघड्या व्हरांड्यात या वस्तूंनी कुणाचा जीव जात नव्हता. त्यांच्याभोवती आपण काच उभी केली.

धूर दिसत तरी असतो. क्षयाचे जंतू दिसत नाहीत. क्षयरोगात डॉक्टर औषधाइतकंच हवेशीर खोलीचं सांगतात, आणि आमच्या गल्ल्यांमध्ये एकेका घरात सात-आठ माणसं राहतात.

आता कुणी म्हणेल, मॅडम, थंडी हे निमित्त आहे, कारणं वेगळी आहेत. अगदी बरोबर. तीच बोलू या की मग.

पहिलं कारण जागा. घरं लहान, मुलं मोठी झाली, भावाचं लग्न ठरलं. व्हरांडा बंद केला की एक खोली मिळते. ही गरज खरी आहे आणि तिला मी नावं ठेवणार नाही. पण खोली पाहिजे असेल तर खोली म्हणून बांधा: खिडकी बाहेर उघडेल, समोरासमोर हवा खेळेल, मंजूर नकाशात बसेल अशी. पत्रा आणि काच जोडून खोली होत नाही.

दुसरं कारण भीती. हे आपण मोठ्याने बोलत नाही. शहरात वातावरण तापलं, कुठे मिरवणुकीवरून वाद झाला, की दुसऱ्या दिवशी घरांना लोखंड लागायला सुरुवात होते. ही भीती खोटी नाही. पण भीती असेल तर भीती म्हणा, आणि तिच्यासाठी चांगलं दार, चांगली ग्रिल लावा, ज्यातून हवा येते. दगड आला तर सर्वांत आधी फुटते ती काच.

तिसरं कारण पडदा. कित्येक बायका मला सांगतात, बंद केल्यामुळे ओढणी सावरत बसावं लागत नाही, येणारा-जाणारा डोकावत नाही. हा मुद्दा मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण तो त्यांच्या मोकळेपणाचा आहे. पण आडोसा आणि काच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे चिकाचा पडदा होता. आतून गल्ली दिसायची, गल्लीतून आतलं दिसायचं नाही, आणि वारा दोन्हीकडून जायचा. आपल्या जुन्या इमारतींमधली दगडी जाळी हेच काम करते. पडदा आणि हवा यांचं भांडण आपल्या पूर्वजांनी कधीच मिटवलं होतं. ते स्लायडिंगने पुन्हा उकरून काढलं.

शिवाय बंद केल्यावर ती जागा बायकांकडे राहते का? माझ्या पाहण्यात बहुधा राहत नाही. उघडा व्हरांडा दुपारी बायकांचा असतो. धान्य निवडणं, शिवणाचं मशीन, शेजारच्या खालांशी गप्पा, मुलींचा अभ्यास. काच लागली, फरशी चकचकीत झाली, की तिथे सोफा येतो, टीव्ही येतो, आणि जागेचं नाव "हॉल" होतं. हॉलमध्ये पुरुष बसतात. बाई स्वयंपाकघरात सरकते, आणि मुलगी दप्तर घेऊन जिन्यावर. वर्गात निबंध द्यायचा असला की मी मुलींना विचारते, तू अभ्यास कुठे करतेस? ओट्यावर, व्हरांड्यात, असं सांगणाऱ्या मुली वर्षागणिक कमी होत चालल्या आहेत.

वाऱ्याचा त्रास होतोच, हे मी नाकारत नाही. थंडीतला वारा आपल्याकडे बहुतेक उत्तर-पूर्वेकडून येतो. ती बाजू तीन-साडेतीन फूट विटांनी उचला, वर चिक लावा, आणि डिसेंबरात आतून जाड पडदा किंवा ताडपत्री टांगा. दक्षिण उघडी ठेवा. पडदा कधी काढायचा? आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, महाशिवरात्रीला थंडी शिवशिव म्हणत जाते. तो दिवस धरा. (आपलं हिजरी कॅलेंडर चंद्रावर चालतं, ऋतूंचा हिशेब त्यात बसत नाही. या बाबतीत आजींचंच ऐकावं.) काचच लावायची असेल तर स्लायडिंग नको. दोन ट्रॅकची स्लायडिंग कितीही सरकवा, निम्मी जागा कायम बंदच राहते. कब्ज्यांची झडपं पूर्ण उघडतात. फॅब्रिकेशनवाला हे सांगणार नाही, कारण त्याला स्लायडिंग सोपी पडते.

आणि ज्यांनी आधीच बंद केलं आहे, त्यांनी निदान छताखालची वरची एक फूट पट्टी दोन समोरासमोरच्या बाजूंनी काढून तिथे जाळी बसवावी. एका दिवसाचं काम आहे. गीझर त्या कोपऱ्यात असेल तर तो उघड्या भिंतीवर हलवेपर्यंत पाणी बादलीत काढून घ्या, गीझर बंद करा, मग आंघोळीला जा. शेगडी असेल तर ती रात्री झोपण्याआधी उचलून अंगणात ठेवायची, कितीही हुडहुडी भरली तरी.