रात्रपाळीची भीति

नर्सिंग शिकावयाचें आहे असें म्हणणारी मुलगी आमच्याकडे दर वर्षीं एखादी तरी निघते, आणि बहुधा तिचे वडील शाळेंत येऊन विचारतात, "सर, तें सगळें ठीक, पण रात्रपाळीचें काय?" दोन वर्षांपूर्वीं इंदापूर तालुक्यांतील एका सालस गृहस्थांनीं आम्हांस हाच प्रश्न केला. त्यांची मुलगी विज्ञान घेऊन बारावी झालेली, हुशार आणि धीराची. शाळेंत असतांना एकदां वर्गांतील एका मुलीस फीट आली, तेव्हां बाकीच्या ओरडत राहिल्या आणि हिनें तिच्या डोक्याखालीं आपली ओढणी घडी करून ठेविली. असें असूनहि आम्हीं वडिलांस कांहींतरी गुळमुळीत उत्तर दिलें. मुलगी आज घरींच आहे. त्या उत्तराची आम्हांस लाज वाटते, म्हणून हें लिहीत आहों.

मुंबईचें कामा रुग्णालय १८८६ सालीं पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगींतून सुरू झालें. पुरुष डॉक्टरांपुढें जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांना स्त्रियांकडूनच उपचार मिळावे, हा त्यामागील हेतु. तेथें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं प्रसूतिपूर्व कक्षाची जबाबदारी अंजली कुलथे या परिचारिकेवर होती. कक्षांत वीस गर्भवती स्त्रिया होत्या. छत्रपति शिवाजी टर्मिनसवर माणसें मारून आलेले दोन अतिरेकी रुग्णालयाच्या आवारांत शिरले. त्यांनीं पहारेकऱ्यांस ठार केलें. गोळी लागून अंजलीताईंची एक सहकारी स्त्री जखमी झाली. ताईंनीं तिला उपचारासाठीं पोंचविलें, कक्षाचीं जड दारें लावून घेतलीं आणि त्या विसाहि जणींना कडेच्या लहानशा खोलींत हलविलें.

त्या रात्रीविषयीं लिहिणारे बहुतेक येथेंच थांबतात. आम्हांस पुढची गोष्ट अधिक मोठी वाटते. त्या विसांपैकीं एकीस रक्तदाबाचा विकार होता, आणि धक्क्यानें तिला कळा सुरू झाल्या. बाहेर गोळीबार चाललेला. डॉक्टरांस कक्षापर्यंत येतां येईना. दार लावण्याची बुद्धि भीतीपोटींहि सुचूं शकते. परंतु आपण सुरक्षित झाल्यावर तेंच दार पुन्हां उघडणें भीतीला सुचत नाहीं. ताईंनीं त्या बाईला आधार देऊन, जिन्याच्या भिंतीच्या कडेकडेनें, एक एक पायरी करीत प्रसूतिगृहांत नेलें. तेथें तिची सुखरूप सुटका झाली.

पुढें कसाबची ओळख पटवावयास त्या गेल्या, आणि न्यायालयांत साक्ष दिली ती परिचारिकेच्या गणवेषांत. त्या गणवेषानेंच आपणांस जबाबदारीची जाणीव दिली, असें त्यांचें म्हणणें होतें. १५ डिसेंबर २०२२ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढें त्या दूरदृश्य माध्यमांतून बोलल्या. आमच्या समजुतीप्रमाणें, सत्कारापेक्षां ही साक्षच अवघड; कारण ती देतांना विचार करावयास वेळ असतो.

पालक म्हणतील, "पाहा, आमची भीति खरीच ठरली." ती खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. २०२४ च्या ऑगस्टमध्यें कलकत्त्याच्या एका सरकारी रुग्णालयांत कामावर असलेल्या तरुण स्त्री-डॉक्टरची हत्या झाली, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कळा घड्याळ पाहून येत नाहींत. गळिताच्या हंगामांत ऊसतोडणीच्या टोळींतील बाई मध्यरात्रीं अडली, किंवा भिगवणजवळ महामार्गावर गाडी उलटली, तर रुग्णालयांत कोणी तरी जागें असावें असें आपणां सर्वांस वाटतें. मात्र तें कोणी तरी दुसऱ्याची मुलगी असावी! हा न्याय आम्हांस पटत नाहीं. मुलीस घरीं बसविण्याऐवजीं रुग्णालयांत पुरेसा पहारा, विसाव्याची बंद होणारी खोली आणि घरीं परतावयास वाहन या गोष्टी पालकांनीं एकत्र येऊन मागाव्या. फाटकाशीं चार पालक उभे राहिले तर व्यवस्थापनास त्यांचें ऐकावें लागेल.

आणखी एक. "डॉक्टर होतां आलें नाहीं म्हणून नर्स" हें वाक्य आपल्या बैठकींतून जावें. बारावीनंतर जी.एन.एम. तीन वर्षें, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षें. हा अभ्यास उरल्यासुरल्यांचा नव्हे.

गेल्या महिन्यांत ते गृहस्थ बारामतीच्या स्थानकावर भेटले. विषय या वेळीं आम्हींच काढला, आणि मागील उत्तराबद्दल क्षमा मागितली. ते बराच वेळ पिशवीचा बंद बोटाभोंवतीं गुंडाळीत राहिले. मग म्हणाले, "सर, अर्ज कधीं निघतात?" तितक्यांत इंदापूरची गाडी लागली. खिडकींतून त्यांनीं आपला दूरध्वनि क्रमांक सांगितला, तो आम्हीं तिकिटाच्या पाठीवर उतरून घेतला आहे.