पिकअपचं नाक आणि समोरच्याचे डोळे

जानेवारी उजाडला की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात द्राक्षांचे क्रेट भरायला पिकअप थेट बागेच्या बांधापर्यंत जातात. त्याच सुमारास महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी पसरणी घाट उतरून वाईमार्गे पुण्या-मुंबईकडे निघालेली असते, आणि कृष्णाकाठी ऊसतोड ऐन भरात असते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी आटपाडी, खानापूर, जतकडे सरकत गेलं तसा बागायती माल वाढला, आणि माल वाढला तशा तो वाहणाऱ्या गाड्याही वाढल्या. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी पिकअप हे पोटापाण्याचं साधन आहे. म्हणूनच तिच्यात केलेल्या छोट्याशा बदलाचीही नीट चर्चा व्हायला हवी.

हा बदल म्हणजे गाडी पुढून दीड-दोन इंच उचलून घेणं. रिकामी पिकअप आडव्या बाजूने पाहिली तर मागून उंच आणि पुढून झुकलेली दिसते. अनेक तरुण मालकांना ते खटकतं. पुढच्या स्प्रिंगवर ठोकळा बसवून, पुढे पाटे असतील तर त्यांना जादा कमान देऊन, किंवा टॉर्शन बार असेल तर त्याचा बोल्ट पिळून पुढची उंची मागच्याइतकी केली जाते. गाडी सरळ रेषेत उभी राहते, चाकाभोवतीची पोकळी वाढते, थोडा मोठा टायर बसतो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात या कामाचे तयार संच विकण्याचा मोठा धंदा आहे. आपल्याकडे इसुझू व्ही-क्रॉस 2016 मध्ये आणि टोयोटा हायलक्स 2022 मध्ये आली. तिथपासून ही हौस खासगी पिकअपवाल्यांत दिसू लागली, आणि आता ती माल वाहणाऱ्या गाड्यांपर्यंत झिरपते आहे.

मुळात कारखाना गाडी पुढून झुकलेली देतो तो विचार करूनच. पिकअपचं सगळं ओझं हौद्यात, म्हणजे बहुतांशी मागच्या चाकांवर येतं. टनभर माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी जवळपास समतल होते. रिकाम्या गाडीचा तो उतार भरलेल्या गाडीसाठी राखून ठेवलेला असतो. पुढचं टोक आधीच उचलून ठेवलं तर रिकामी गाडी सरळ दिसेल. पण माल भरताच तीच गाडी मागे बसते आणि नाक वर करून चालू लागते. आठवड्यातून एखाद्या वेळी चार पोती नेणाऱ्याला हे चालून जाईल. रोज क्रेट भरणाऱ्याला मात्र ते उलटच पडतं.

या उंचीचा काहीच उपयोग नाही असं मात्र म्हणता येणार नाही. बागेतल्या चाकोऱ्या, ओढ्याचा उतार, गावोगावचे मनमानी उंचीचे गतिरोधक यांवर पुढचा बंपर घासतो, तो दोन इंचांनी वाचतो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर मधल्या पट्टीखाली थोडी जागा मिळते. पण मागच्या हाउसिंगखालची जागा तसूभरही वाढत नाही, कारण ते चाकांच्या आसाला धरून असतं आणि त्याची उंची फक्त टायरवर ठरते. गाडी उलटण्याची भीतीही अनेकदा वाढवून सांगितली जाते. पुढून दोन इंच उचलल्यावर सगळ्या गाडीचा गुरुत्वमध्य साधारण इंचभर वर जातो. हौद्यावर रचलेली क्रेटची उंच थप्पी त्याहून कितीतरी जास्त धोका आणते.

खरा धोका दिव्यांचा आहे.

साधा हिशेब करून पाहावा. हेडलाइटचा डिपर झोत सरळ समोर जात नाही. तो सुमारे एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर खाली. पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ढोबळमानाने तीन मीटर धरू. तीन मीटरवर पुढचं टोक पाच सेंटीमीटर, म्हणजे दोन इंच उचललं की सगळी गाडी 1.67 टक्के मागे कलते. एक टक्का खाली असलेला झोत आता पाऊण टक्क्याच्या आसपास वर जातो. हेडलाइट जमिनीपासून 85 सेंटीमीटरवर असेल तर पन्नास मीटरवर झोताची वरची कड पूर्वी जमिनीपासून 35 सेंटीमीटरवर पडत होती. आता ती 120 सेंटीमीटरच्या पुढे जाते. समोरून येणाऱ्या मोटारीतल्या चालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. त्यात माल भरून गाडी मागून आणखी पाच सेंटीमीटर बसली, तर झोत आणखी 80 सेंटीमीटर वर चढतो आणि दुचाकीवाल्याच्या डोक्यावरून जातो. म्हणजे समोरचा कुणीही असो, झगझगाट त्याच्या डोळ्यांतच.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की पिकअपवाल्याला याचा पत्ताही नसतो. तो डिपरवरच असतो. समोरच्याला वाटतं हा अप्पर सोडून चाललाय, म्हणून तो दोनदा लाइट मारतो. उत्तर मिळत नाही, तेव्हा तोही अप्पर सोडतो. मग दोघंही आंधळे होऊन एकमेकांजवळून जातात. हॅलोजनच्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब घातलेला असेल तर प्रकाश आणखीच विखुरतो.

पुणे-बेंगळुरू महामार्गाला दुभाजक आहे, तिथे हे निभावून जातं. विटा-तासगाव, वाई-पाचगणी, कराडहून चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट, इथे वाहतूक समोरासमोरची. गळीत हंगामात याच भागातल्या रस्त्यांवर पहाटे आणि रात्री ऊस भरलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात. मागे दिवा असेलच असं नाही. बऱ्याच वेळा भरवसा रिफ्लेक्टरच्या पट्टीवर असतो. समोरच्या झोताने दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताशी 60 किलोमीटरने जाणारी मोटारसायकल तेवढ्यात 33 ते 50 मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्या अंतरात उसाची ट्रॉली उभी असू शकते.

पुढून उचलण्याची हौस नवी. मागून उचलण्याची रीत मात्र जुनी आहे. महामार्गालगत कमान-पाट्यांचं काम करणारी दुकानं गावोगावी आहेत. हौद्याखाली जॅक लागतो, यू-बोल्ट सुटतात, सेंटर बोल्ट काढून संचात एक जाड पाटा सरकवला जातो आणि संच पुन्हा आवळला जातो. काम जेमतेम काही तासांचं. जादा माल भरला तरी गाडी मागून दबत नाही, म्हणून मालक खूश. पण पाटा वाढवल्याने नोंदणीपत्रातलं वजन वाढत नाही. आस, बेअरिंग, टायर, ब्रेक होते तेवढ्याच ताकदीचे राहतात.

ब्रेकचा मुद्दा तर फार थोड्यांना माहीत असतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या आसापासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक सळई जाते. माल भरून गाडी दबली की सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जादा दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे मागची चाकं जागीच जाम होऊन गाडी घसरत नाही. जादा पाट्यामुळे गाडी दबलीच नाही, तर व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच. मग भरलेल्या गाडीचा बराचसा भार पुढच्या ब्रेकवर येतो, आणि घाट उतरताना तेच ब्रेक तापून पकड सोडतात. पाटे बदलल्यावर ही सळई नव्याने जुळवावी लागते. ती जुळवून देणारा कारागीर भेटला तर तो नशिबाचा भाग, हे चित्र बदललं पाहिजे.

पुढच्या बाजूचंही तसंच. उंची बदलली की चाकांचे कोन, म्हणजे कॅम्बर, कास्टर आणि टो बदलतात. अलाइनमेंट केली नाही तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने खातो, बॉल जॉइंटवर ताण येतो. पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर शाफ्टचे सांधे जास्त वाकून चालतात आणि लवकर झिजतात. स्प्रिंगवर ठोकळा घातल्याने चाकाला खाली जायला वाव कमी उरतो, म्हणून खड्ड्यात चाक पडताच खाडकन धक्का बसतो. चांगल्या दुकानात हे सगळं समजावून सांगतात. घाईच्या दुकानात फक्त ठोकळ्याचा भाव सांगतात.

कायदा याबाबत मोघम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाने दिलेला आणि नोंदणीपत्रात लिहिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जादा वजनासाठी 20,000 रुपये व वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये अशी तरतूद झाली. पण दंडाने दिवा खाली येत नाही. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तिथे गाडी रिकामी आणि धुऊन-पुसून नेली जाते. ती रस्त्यावर रात्री कशी चालते हे तिथे दिसतच नाही.

म्हणून सरळ मागणी अशी. रोज माल वाहणाऱ्या पिकअपचं नाक कुणी उचलू नये. उंचीच हवी असेल तर ती गाडी विकत घेतानाच, कंपनीने दिलेल्या प्रकारातून निवडावी. ज्यांनी आधीच उचललं आहे त्यांनी अलाइनमेंट आणि फोकस नव्याने लावल्याशिवाय गाडी रात्री बाहेर काढू नये. फोकस तपासायला यंत्र लागत नाही. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करायची, हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेने दाखवायची आणि डिपरची वरची कड त्या खुणेच्या दहा सेंटीमीटर खाली येईपर्यंत हेडलाइटमागचा स्क्रू फिरवायचा. मग माल भरून पुन्हा पाहायचं. बहुतेक नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांची एक चकती असते. ती भरल्या गाडीचा झोत खाली आणण्यासाठीच दिलेली आहे, आणि अनेक चालक तिला कधी हातही लावत नाहीत.

पाटे आणि ठोकळ्यांची दुकानं चालवणाऱ्यांनी बिलावर तीन ओळी लिहून द्याव्यात: उंची किती वाढवली, अलाइनमेंट झाली का, फोकस लावला का. सातारा, कराड आणि सांगलीच्या परिवहन कार्यालयांनी रस्त्यावरच्या तपासणीत कागदांबरोबर भरल्या गाडीचा झोतही पाहावा. आणि एक काम बाजार समित्यांचं. सांगलीच्या हळद बाजारात, तासगावच्या बेदाणा सौद्यांना गाड्या भरूनच येतात. आवारातल्या एका भिंतीवर सेंटीमीटरच्या खुणा रंगवल्या आणि तिच्यापासून दहा मीटरवर जमिनीवर पांढरी रेघ मारली, तर आत येणारा प्रत्येक चालक माल उतरवण्याआधी दोन मिनिटांत आपला फोकस स्वतः पाहू शकेल. यासाठी ना शासनाचा निर्णय लागतो ना वेगळा निधी. समितीच्या एका बैठकीत हा विषय घेतला तर पुढच्या हंगामातला पहिला क्रेट भरण्याआधी ही भिंत तयार असेल.