पॅड बदलले, पण पिना पाहिल्या का?

लग्नसराई आणि शाळेच्या सुट्ट्या एकत्र आल्या की आपल्याकडे गाड्यांची धावपळ सुरू होते. पाथरीची मंडळी वलीम्याला नांदेडला निघतात, जिंतूरची संभाजीनगरला. कुणी आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात नेतो, कुणी खुलताबादला जियारतीला जातो. पाच जणांच्या गाडीत सात-आठ जण बसतात, डिकीत बॅगा आणि पाण्याचे कॅन कोंबलेले असतात. निघताना घरातली मोठी माणसे विचारतात, "पेट्रोल भरले का? हवा पाहिली का?" ब्रेकबद्दल सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर येते, "आत्ताच पॅड बदललेत." आणि विषय तिथेच संपतो. पण नवे पॅड टाकले म्हणजे ब्रेकचे काम पूर्ण झाले, असे नसते.

भगिनींनो, हा विषय पुरुषांचा म्हणून पान उलटू नका. मागच्या सीटवर लेकरांना घेऊन आपणच बसतो आणि गॅरेजचे बिलही घरखर्चातूनच जाते. शिवाय आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल गॅरेजवर पेटते. कुणाचे शोहर मिस्त्री आहेत, कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा. म्हणून गाडीत बसणाऱ्यांनी आणि गाडी दुरुस्त करणाऱ्यांनी, दोघांनीही हे समजून घेतलेले बरे.

बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या दोन चाकांना ड्रम ब्रेक असतो. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढची चाके करतात. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. चिमट्यात दोन पॅड असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनवर येतो आणि पॅड डिस्कला आवळतात.

यात एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. लहान गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो. बाहेरच्या पॅडला ढकलणारे कोणीच नसते. आतला पॅड डिस्कला टेकला की अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. म्हणजे बोटाएवढ्या त्या दोन पिना मोकळ्या सरकल्या, तरच दोन्ही पॅड बरोबरीने काम करतात. पिना अडकल्या की आतला पॅड झिजून पत्र्याला येतो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो. काही वेळा पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. मग चाक तापते, गाडी एका बाजूला ओढते, पेट्रोल जास्त लागते.

पिनांवर रबराचे छोटे बूट असतात. पाणी आणि धूळ आत जाऊ नये, हे त्यांचे काम. पॅडचे दोन्ही कान ज्या खाचांत बसतात, तिथे पातळ पोलादी क्लिपा असतात. पॅड त्यांच्यावरून पुढेमागे सरकतो. क्लिपेखाली गंज चढला की खाच अरुंद होते आणि नवा कोरा पॅडसुद्धा तिथे अडकून बसतो. काही मिस्त्री अशा वेळी पॅडचा कान कानशीने घासून बसवतात. खरे तर घासायची ती खाच, आणि बदलायची ती क्लिप.

एवढ्याशा वस्तूने काय होते, असे वाटेल. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस या मॉडेलच्या ९,९२५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्या ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या काळात तयार झाल्या होत्या. दोषाची शंका होती ती मागच्या ब्रेकच्या जोडणीतल्या एका पिनेत. ती तुटू शकते, तुटली तर वेगळा आवाज येतो आणि पुढे ब्रेकवर परिणाम होणारच नाही असे म्हणता येत नाही, असे कंपनीने सांगितले. मागच्या ब्रेकची ती पिन आणि पुढच्या कॅलिपरची पिन वेगळी आहे. पण एका पिनेसाठी जवळजवळ दहा हजार गाड्या परत बोलावाव्या लागतात, यावरून तिचे मोल कळते. उर्दूच्या तासाला मी मुलांना एक नुक्ता दाखवते. तो अक्षराच्या वर असला तर 'खुदा', पोटात आला तर 'जुदा'. बाकीची अक्षरे तीच राहतात.

आपल्या परभणी जिल्ह्यात या पिनांचे हाल जास्त होतात, कारण आपली काळी माती. पावसाळ्यात शेताच्या, वस्तीच्या रस्त्याने गाडी गेली की चिकट चिखल चाकाच्या आतपर्यंत जाऊन बसतो. वाळला की दगडासारखा होतो. रबराचा बूट फाटलेला असेल तर तेच पाणी पिनेपर्यंत पोहोचते, ग्रीस निघून जाते आणि गंज धरतो. म्हणून पावसाळा संपला की एकदा चारही चाके उघडून बघायला सांगावीत. पॅड बदलायचे नसले तरीही.

पॅड बदलताना पुढील गोष्टी झाल्या की नाही, ते विचारावे.

१. दोन्ही जुने पॅड शेजारी ठेवून पाहावेत. घासणारा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायची वेळ झाली. एक जास्त आणि एक कमी झिजला असेल, तर पिना किंवा पिस्टन अडकतो आहे. कारण न शोधता नवे पॅड टाकले, तर तेही तसेच झिजणार.

२. पॅड नेहमी डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचू शकते.

३. पिना काढून पुसाव्यात. गंजलेल्या, चरे पडलेल्या असतील तर नव्या घ्याव्यात. फाटलेले बूट बदलावेत. पिनांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.

४. क्लिपा नव्या घालाव्यात. क्लिपा आणि बूट यांचा खर्च पॅडच्या मानाने थोडाच असतो.

५. डिस्क मोजावी. ती कमीत कमी किती जाड हवी, हे बहुधा तिच्यावरच कोरलेले असते. त्याहून पातळ झाली असेल तर बदलावीच लागते.

६. कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लटकवू नये, तारेने बांधून ठेवावा. नळीला आतून इजा झाली तर वरून दिसत नाही.

७. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत ते दाबत राहावे. नवा पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पाय थेट खाली जातो. हे न करता गाडी मागे घेतली तर ती गॅरेजच्या भिंतीवर किंवा माणसावर जाऊ शकते.

८. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मग कमी उष्णतेला उकळते. साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे.

नवे पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून वापरावेत. डिस्कशी त्यांची बैठक जमायला वेळ लागतो. म्हणून आज पॅड बदलून उद्या पहाटे दौलताबादहून खुलताबादचा घाट भरल्या गाडीने चढू-उतरू नये. हे काम आठवडाभर आधी उरकावे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट शक्ती जिरवावी लागते. ताशी ८० वरून थांबणे हे ४० वरून थांबण्यापेक्षा चौपट काम आहे. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी चालवावी. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन कधीच बंद करू नये. दोन-चार वेळा पेडल दाबले की इंजिनच्या जोरावर मिळणारी मदत संपते आणि पेडल दगडासारखे जड होते.

आता ज्यांच्या घरी गॅरेज आहे, त्यांच्यासाठी. चाक उघडले की आत काळी भुकटी दिसते. शागीर्द मुलगा ती तोंडाने फुंकतो किंवा हवेच्या पाइपने उडवतो. ती धूळ थेट त्याच्या छातीत जाते. पूर्वी ब्रेकच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत. त्याच्या तंतूंनी फुप्फुसाचे आजार होतात, कर्करोगही होतो, आणि तो कित्येक वर्षांनी उघड होतो. स्वस्त, बिननावाच्या पॅडमध्ये काय मिसळले आहे, हे खोक्यावर लिहिलेले नसते. म्हणून उस्तादांनी धूळ ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढायला शिकवावे आणि मुलाला मास्क द्यावा. त्याचे कामाचे कपडे घरी आल्यावर लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळे धुवावेत. मुलाला हात चालतो तसे डोकेही चालवू द्या. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. हाताचे कसब आणि प्रमाणपत्र दोन्ही असले, तर उद्या त्याला कोणी "पोऱ्या" म्हणणार नाही.

गाडी गॅरेजला पाठवताना एका कागदावर तीन ओळी लिहून द्या: जुने पॅड, क्लिपा, बूट परत पाठवा, पिनांना कोणते ग्रीस लावले ते बिलावर लिहा, डिस्कची जाडी मोजून सांगा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही, उलट तो जुना भाग हातात घेऊन दाखवतो. आणि मिस्त्री घरचाच असेल, तर गिऱ्हाईकाने मागण्याआधीच त्याने या तीन गोष्टी कराव्यात.